मिठाची चिमूट कुणाच्या हातात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय साधा आहे. आपली तरुण मुलं-मुली जे खारं खातात, त्याविषयी थोडं बोलायचं आहे. चिवडा, शेव, फरसाण, वेफर्स, आणि किराणा दुकानाच्या दारात माळांसारखी लटकणारी पाच-दहा रुपयांची पाकिटं. हा विषय डॉक्टरांनी बोलायचा, कवीचं इथं काय काम, असं कुणी म्हणेल. पण त्या पाकिटामागं मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या बीड जिल्ह्याच्या वाटांवरून गेलेला आहे. तो नीट समजला, तर डॉक्टरांचं म्हणणंही सोपं वाटेल.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत मीठ म्हणजे खारट, हिंदी-उर्दूत मीठा म्हणजे गोड. माझ्यासारख्याच्या घरात दोन्ही भाषा नांदतात. उंबऱ्याच्या आत 'नमक', बाहेर 'मीठ'. घरात 'मीठा' म्हटलं की शिरखुर्मा आठवतो आणि दुकानात 'मीठ' म्हटलं की खारट पुडी हातात पडते. गंमत अशी, की दोन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृतात मृष्ट किंवा मिष्ट म्हणजे रुचकर, गोड. त्यातूनच ते आले, असं भाषेचे जाणकार सांगतात. 'लवण' हा जुना शब्द पोथीत राहिला आणि ज्यानं अन्नाला गोडी येते ते मीठ, असं आपल्या बायाबापड्यांनी ठरवून टाकलं.

मग या मिठाभोवती माणसांचं इमान गोळा झालं. मराठीत आपण खाल्ल्या मिठाला जागतो. उर्दूत माणूस नमकहलाल असतो किंवा नमकहराम असतो. दृष्ट काढायला मीठ-मोहरी लागते. गरिबीतही अब्रूनं जगणाऱ्याचं वर्णन 'मीठ-भाकर खाऊन राहतो' असं करतात. एवढी किंमत या पदार्थाला का आली? कारण ते सहज मिळत नव्हतं. तूर शेतात पिकते, तीळ बांधावर येतो, पण मीठ बीडच्या काळ्या रानात पिकत नाही. ते समुद्रावरून आणावं लागतं, आणि समुद्र इथून कितीतरी मजला दूर.

ते आणत होते लमाण. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडेच्या तांडे घाट चढून यायचे, धान्य द्यायचे, मीठ द्यायचे आणि पुढं निघायचे. 'लमाण' हा शब्दच लवणावरून आला, असं मानलं जातं. मोगलांच्या काळात दख्खनेत फिरणाऱ्या फौजांना धान्य पुरवणारेही हेच. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली आणि बैलाच्या पाठीवरचा हा व्यापार मोडला. तांडे डोंगरपायथ्याला स्थिरावले. आज आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जे लाखो हात बाहेर पडतात, त्यांत या तांड्यांवरचे हात खूप आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी या मुलखाला मीठ पोचवलं, त्यांची नातवंडं आज साखरेसाठी वणवण करतात. इतिहास असा गोड-खारट असतो.

मीठ दुर्मिळ होतं, म्हणून सत्तेचा डोळा त्यावर कायम राहिला. इंग्रजांनी मिठावर कर बसवला आणि तो गरिबालाही चुकत नव्हता. १२ मार्च १९३० ला महात्मा गांधी साबरमतीहून दांडीकडं निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी मूठभर मीठ उचललं. महाराष्ट्रात त्याच वर्षी मे महिन्यात कोकणातल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्याला समुद्रकिनाराच नव्हता. मीठ उचलून कायदा मोडायला किनारा आणणार कुठून? आपलं स्वातंत्र्य आलं १७ सप्टेंबर १९४८ ला. इंग्रजी मुलखातला मिठाचा कर त्याआधी, १९४७ मध्येच उठला होता.

यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मिठासाठी सगळा देश उठवणाऱ्या गांधीजींनी स्वतः मात्र आफ्रिकेत असतानाच मीठ सोडलं होतं. कस्तुरबांच्या आजारपणात त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगताना, आधी मीच सोडतो म्हणाले आणि पुढं दीर्घकाळ अळणी जेवले. ही हकिगत त्यांनी आत्मचरित्रात लिहिली आहे. मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. मीठ प्रत्येकाला मिळालं पाहिजे हा हक्क झाला, आणि किती खायचं हे खाणाऱ्यानं ठरवावं हा विवेक झाला. पहिली लढाई आपण जिंकलो. दुसरी आता आपल्या पोरांच्या वाट्याला आली आहे.

कर गेला, वाहतूक वाढली, तसं मीठ स्वस्त झालं आणि मिठाची चिमूट घरातल्या बाईच्या हातात आली. हा काळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. चुलीजवळ खड्याच्या मिठाची बरणी असायची. मिठाचं मोठं काम वर्षातून एकदाच निघे, उन्हाळ्यात. लोणची, पापड, कुरडया, सांडगे, खारवलेल्या मिरच्या. वर्षभर टिकावं म्हणून त्यात मीठ जास्त, आणि मीठ जास्त म्हणून ताटात त्याची जागा छोटी, डाव्या बाजूला. पापड एक, लोणच्याची फोड एक. ताटाची ही रचना म्हणजे मोजमापच होतं.

आणि मधल्या वेळचं खाणं? शेंगा, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, चुरमुरे. थंडीत हुरडा, आणि सोबत तिळाची, जवसाची चटणी. आठवडी बाजारात भडभुंज्याची भट्टी पेटलेली असायची. हरभरे हळद-मिठाच्या पाण्यात भिजवून गरम वाळूत टाकले की फुटाणे तयार. मीठ फक्त सालीला. चुरमुऱ्यांना दुपारी करडईच्या तेलात फोडणी दिली की चिवडा, आणि सकाळी तेच भिजवून कांदा-मिरची घातली की आपली मराठवाड्याची सुशीला. पुणे-मुंबईच्या पाहुण्याला सुशीला हे पदार्थाचं नाव आहे, हे अजूनही समजावून सांगावं लागतं. उरूस असो की जत्रा, रेवड्या-फुटाण्यांची पुडी दोन्हीकडं सारखीच. ती पुडी कागदाची होती, डोळ्यांसमोर बांधली जायची आणि 'मीठ कमी टाका' असं म्हणायची सोय होती.

हे सगळं खाणं आपलं आणि आजचं परकं, असं मात्र कुणी समजू नये. ज्या मिरचीशिवाय आपला ठेचा नाही, ज्या शेंगदाण्याशिवाय आपली चटणी नाही आणि ज्या बटाट्याशिवाय वडा नाही, ती तिन्ही पिकं मूळची अमेरिका खंडातली. युरोपी दर्यावर्दी तिकडं गेले त्यानंतर ती आपल्याकडं आली. निजामाच्या हैदराबादेत चहाबरोबर जे खारट-गोड उस्मानिया बिस्कीट मिळतं, त्याला नाव मीर उस्मान अली खान या शेवटच्या निजामाचं आणि ते खपलं इराणी हॉटेलांत. 'फरसाण' हा शब्द गुजरातकडचा. भट्टीवरची खारी तर कितीतरी गावांत मुसलमान बेकरीवाल्यांनीच सकाळच्या चहाशी जोडून दिली. खाणं नेहमीच बाहेरून येतं आणि आपलं होतं. प्रश्न कुठून आलं याचा नाही. त्यातलं मीठ कोण मोजतं, याचा आहे.

आता तेलगावकडं येऊ. धारूर तालुक्यातलं हे गाव. बीडहून परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरला जाणारा रस्ता इथं एकमेकांना भेटतात. रस्ते जिथं भेटतात, तिथं भुकेली माणसं थांबतात. १९८७ साली सिंदफणा नदीवरचं माजलगाव धरण पूर्ण झालं, कालव्याचं पाणी फिरलं, ऊस वाढला. तेलगावजवळच सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आज त्याला लोकनेते सुंदरराव सोळंके यांचं नाव आहे. चौक मोठा झाला. गाळपाच्या दिवसांत ट्रॅक्टर, बैलगाड्या, ड्रायव्हर, मुकादम. अशा चौकात सगळ्यांत आधी उभी राहते ती भज्याची कढई. हा बदल एकट्या तेलगावचा नाही. माजलगाव, केज, परळी, गेवराई, कुठल्याही फाट्यावर हेच दिसेल.

कढईबरोबर एक नवी गोष्ट आली. तरुण माणूस घराबाहेर, एकटा, स्वतःच्या खिशातल्या पैशानं खाऊ लागला. आधी तो घरातल्यांबरोबर खात होता. मुंबईत हेच गिरणगावात झालं होतं. १९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असं सांगतात. कामावर जाणाऱ्याला उभ्यानं खाता येईल असं ते जेवण होतं. आपल्याकडं त्याला पाववडा म्हणत पुढं एसटी स्टँडावर आणलं. पण वडा, भजे, मिसळ इथंवर करणारा माणूस समोर होता. मीठ जास्त झालं, तर गिऱ्हाईक त्याला तोंडावर सांगत होतं.

पाकिटानं हा माणूस काढून टाकला. १९९५ मध्ये लेज भारतात आलं, १९९९ मध्ये कुरकुरे. नागपूरचं हल्दीराम आणि पुण्या-नाशिकचे चिवडेवाले आधीपासून होतेच, तेही पाकिटात गेले. या धंद्याची करामत समजून घेण्यासारखी आहे. चकाकत्या थराच्या पिशवीत हवा नसते, नायट्रोजन वायू भरलेला असतो. त्यामुळं तेल लवकर खवट होत नाही, कुरकुरीतपणा काही महिने टिकतो आणि माल डोंगरातल्या शेवटच्या तांड्यापर्यंत जातो. मका, तांदूळ, डाळीचं पीठ यंत्रात उष्णतेनं आणि दाबानं फुलवायचं, तळायचं आणि वरून मसाला भुरभुरायचा. किंमत पाच रुपये, कारण पाचाचं नाणं कुणाच्याही खिशात असतं. महागाई वाढली तरी नाणं तेच राहतं. आतला माल तेवढा कमी होतो. ज्या वस्तीत कधी काळी बैलाच्या पाठीवरून मीठ यायचं, तिथं आता ते पिशवीतून येतं, मसाल्याच्या बुरख्याआड.

आणि खाणारा कोण? अठरा ते तिशीतला मुलगा किंवा मुलगी. अभ्यासिकेत रात्री जागणारा, भरतीची तयारी करणारा, मोबाईलच्या दुकानात बसणारा. मेस बंद झाली, डबा आला नाही, मित्र जमले, मॅच लागली, की पाकीट. काहींच्या बैठकीत ते चखणा म्हणून येतं. खारं तहान वाढवतं आणि पेला पुन्हा भरतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. हॉटेलात एकटीनं बसून खाणं गावात अजूनही सोपं नाही; पाकीट पिशवीत मावतं, कुणाला दिसत नाही. ऊसतोडीला गेलेलं विशीतलं जोडपं पहाटे फडात उतरतं. मधल्या भुकेला, कोपीत रडणाऱ्या लेकराला आणि स्वतःलाही, दुकानातली तीच पुडी सापडते. यांतल्या कुणालाही 'तुला अक्कल नाही' म्हणण्याचा मला अधिकार वाटत नाही. भूक खरी आहे, वेळ कमी आहे आणि पाच रुपयांत दुसरं काही मिळत नाही.

पण शरीर हिशेब ठेवतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. भारतीय माणूस सरासरी त्याच्या जवळजवळ दुप्पट खातो. यात एक फरक ध्यानात ठेवावा. युरोप-अमेरिकेत बहुतेक मीठ कारखान्यातल्या तयार पदार्थांतून पोटात जातं. आपल्याकडं अजून मोठा वाटा घरच्या स्वयंपाकाचा आहे. म्हणजे आपल्या पोरांच्या ताटात भाजीचं मीठ, ठेच्याचं मीठ, लोणच्याचं मीठ आधीचंच असतं, आणि पाकिटाचं त्यावर चढतं.

आमचे आजे-पणजे ठेचा-भाकर खाऊन मोट हाकत होते, त्यांना कुठं काय झालं, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यांचा रक्तदाब कुणी मोजला नव्हता, हे एक उत्तर. दुसरं उत्तर घामाचं. चैत्रातल्या उन्हात दिवसभर राबणाऱ्याच्या अंगावरच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग उमटायचे. खाल्लेल्या मिठातलं बरंच उन्हात निघून जायचं. नातू खुर्चीवर बसतो, मोटारसायकलवर फिरतो. घाम गेला, जीभ मात्र आजोबांचीच राहिली. ती तेवढंच मीठ मागते, आणि मागेल तेव्हा दुकान उघडं असतं.

जास्तीचं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो, हृदयाला आणि मूत्रपिंडांना जादा काम पडतं. दुखत काही नाही, म्हणून कळत काही नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला किंवा त्यावर औषध चालू असलेलं आढळलं. सरकारची गावोगावची तपासणी तिशीपासून पुढं धरली आहे. म्हणजे सवय लागते ती वर्षं, अठरा ते तीस, मोजमापाच्या बाहेरच राहतात. मला सगळ्यांत काळजी वाटते ती याची.

आता करायचं काय? बंदी, धाक यांनी तरुणांचं खाणं बदलत नाही. शाळेच्या आवारात आणि भोवतीच्या ५० मीटरांत जादा मीठ-साखर-तेलाचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२० मध्ये केला, तो चांगलाच आहे. पण बावीस वर्षांच्या मुलाला कुणी अडवणार नाही. त्याच्या हातात मोजमाप दिलं पाहिजे.

पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'सोडियम' असा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. मीठ असा शब्द तिथं शोधू नका. त्या आकड्याला अडीचनं गुणलं की तेवढं मीठ झालं. समजा १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे. अडीच पट म्हणजे २००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसाच्या पाच ग्रॅमांतले दोन तिथंच संपले. आणि जीभ सांगेल त्यावर विसंबू नका. वेफर्सचं मीठ वर असतं, म्हणून लगेच कळतं. शेवेचं, खारीचं, पावाचं मीठ पिठात मुरलेलं असतं. पापडातला पापडखार आणि भज्यातला सोडा हेही सोडियमच, जरी ते खारट लागत नसले.

दुसरं, भडभुंज्याला विसरू नका. मिठाविना भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, लाह्या अजूनही मिळतात, पोटाला आधारही देतात. रमजानमध्ये रोजा सोडताना आधी खजूर आणि पाणी घेण्याची रीत आहे. भजी-समोसे त्यानंतर येतात. पहिली भूक कशानं भागवायची याचं शहाणपण प्रत्येक घरच्या रिवाजात कुठं ना कुठं असतंच. तिसरं, तालमीत जाता, भरतीला धावता, छाती-उंची मोजता, तसा वर्षातून एकदा रक्तदाबही मोजून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला पैसे पडत नाहीत.

आणि शेवटचं, तेलगावच्या चौकापासून मुंबईच्या फलाटापर्यंत भज्यांची, वड्यांची गाडी लावणाऱ्या भावांना. तुमच्या हातात अजून मिठाची चिमूट आहे, यंत्राच्या हाताला ती सोय नाही. समोरच्या पोराकडं बघून ती थोडी लहान करा. महिनाभरात जिभेला त्याची सवय होते. गिऱ्हाईक तुटणार नाही, उलट जास्त वर्षं येत राहील.